आखाड्यावर कोंडून नशा सुटत नसते

बस खाली. हात जोडून उभा राहू नकोस. धाकट्याचे हात बांधायच्या आधी कुणाला तरी विचारावं हे तुला सुचलं नाही. आता माझ्यापुढे हात जोडून उपयोग नाही. पाच दिवस पोराला शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत कोंडलंस, बाहेरून कडी लावलीस, आणि आता देगलूरच्या बाजारात सांगत फिरतोस की भावाची नशा सोडवली. लोक पाठ थोपटतात. मी थोपटणार नाही. शाळेत तुझं उत्तर बरोबर आलं आणि रीत चुकली, तर मी गुण कापायचो. इथं उत्तरसुद्धा चुकलंय. किती चुकलंय हे तुला ठाऊक नाही, म्हणून बोलावून घेतलं.

मी गणिताचा मास्तर, डॉक्टर नव्हे. पण मला वाचता येतं आणि जे कळत नाही ते विचारायची लाज वाटत नाही. तुलाही मी तेच शिकवलं होतं. सोयाबीनवर कुठलं औषध मारायचं हे तू कृषी केंद्रात दहा वेळा विचारतोस, ट्रॅक्टरचं कर्ज काढताना बँकेतल्या साहेबाला भंडावून सोडतोस. भावाच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा मात्र स्वतःच डॉक्टर झालास. लोकांना कळेल, पोराला गर्दुल्ला म्हणतील, बहिणीची सोयरीक मोडेल, ही भीती मला समजते. ती खोटी नाही. पण तिचा सगळा भार तू घरातल्या आजारी माणसावर टाकलास. हे मी खपवून घेणार नाही.

तुझ्या मायनं मला त्या पाच दिवसांचं सगळं सांगितलं. पहिल्या रात्री जांभयांवर जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, भर उकाड्यात अंगावर काटा. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, पोटात कळा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, पाय झाडणं. झोप नाहीच. ती पाणी घेऊन आली तर तू तिला परत पाठवलंस. म्हणालास, नाटकं करतोय, एकदा मोडू दे.

नाटकं नव्हती ती. अफूच्या जातीचं काहीही घे, गर्द घे, ट्रामाडॉलची गोळी घे, कोडीनचं खोकल्याचं औषध घे, रोज घेतलं की मेंदू त्याच्या हिशोबानं स्वतःची घडी बसवतो. अंगातला सावधपणा, धडधड, घाम, आतड्यांची हालचाल हे सगळं ती नशा दाबून ठेवते, आणि मेंदू ते दाबणं भरून काढायला उलटा जोर लावत राहतो. नशा एकाएकी काढून घेतली की दाबणारं कुणी उरत नाही, जोर मात्र तसाच राहतो. गर्द शेवटची घेतल्यावर साधारण आठ ते बारा तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं, आठवडाभरात ओसरतं. पिणारी पोरं याला टर्की म्हणतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी वाढते, अंगावर काटा येतो. यातलं काय माणसाला ठरवून करता येतं? करून दाखव मला. आत्ता, इथं बसून, अंगावर काटा आणून दाखव.

या टर्कीनं सहसा माणूस मरत नाही, हे खरं आहे. त्या ‘सहसा’वर तू भावाचा जीव लावलास. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेले, आणि देखरेख नसली, तर माणूस मरतो. तुरुंगांत असे मृत्यू झालेत, कोठडीबाहेर पहारा असताना झालेत, आणि त्यांवर डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. मराठवाड्याचा उन्हाळा, पत्र्याची खोली आणि परत पाठवलेला पाण्याचा तांब्या. वाचला तो त्याच्या नशिबानं. तुझ्या उपायानं नव्हे.

आणि मला ते सांगू नकोस की ‘सर, आपल्याकडे कुठं असतं हे, हे मुंबई-पंजाबचं’. आपल्या आज्या-पणज्या कामावर जाताना तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी चाटवून निजवायच्या. अफू या मुलखाला नवी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थविरोधी पथकानं नांदेडमध्ये छापा घालून शंभर किलोंहून जास्त डोडा, म्हणजे अफूची वाळलेली बोंडं, आणि सोबत अफू पकडली. बोंडं दळायची यंत्रं होती तिथं, नोटा मोजायचं यंत्रही होतं. दळायला यंत्र लागतं म्हणजे गिऱ्हाईक किती असेल, याचा हिशोब तूच कर. त्याच महिन्यात नायगाव तालुक्यात मांजरमजवळ आंध्राकडून आलेला ट्रक धरला, त्यात ११०० किलोंवर गांजा होता. गांजा ही वेगळी नशा, पण रस्ता तोच, ज्या रस्त्यावर आपलं गाव वसलंय आणि ज्या रस्त्यावर तुझा धाकटा ट्रकवर क्लीनर म्हणून जात होता. रात्रभर जागायचं, कंबर धरली की ढाब्यावर कुणीतरी दिलेली गोळी घ्यायची. सुरुवात तिथून झाली हे तुला ठाऊक होतं. तो महिन्याला पैसे आणून देत होता तोवर तू विचारलं नाहीस.

देशभराची पाहणी करून दिल्लीच्या एम्सनं २०१९ साली अहवाल दिला. देशात साधारण ७७ लाख लोकांना अफूवर्गीय नशेसाठी मदतीची गरज आहे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ज्या आठ राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. तुझं घर जगावेगळं नाही. लपवण्यासारखं तू जे मानतोस ते लाखो घरांत आहे.

आता नीट ऐक, कारण खरी चूक इथं आहे. तू समजतोस पाच दिवस काढले, धोका संपला. धोका सहाव्या दिवशी सुरू झाला.

बैलाचा खांदा तू लहानपणापासून बघतोस. रोज जू ओढणाऱ्या बैलाच्या मानेला घट्टा पडतो, म्हणून तो भार पेलतो. तोच बैल महिनोन् महिने गोठ्यात बांधून ठेवला तर खांदा मऊ पडतो, आणि एकदम पहिल्याइतका भार जुंपलास तर कातडं सोलून निघतं. नशेचंही तसंच. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा पचते, कारण सवय झालेली असते. पाच-सात दिवसांत टर्की ओसरते आणि ती सवयही उतरू लागते. तलफ मात्र उतरत नाही. ती महिनोन् महिने राहते. मग एखाद्या संध्याकाळी जुना दोस्त भेटतो, पोरगा पूर्वीइतकीच मात्रा घेतो, आणि ती आता त्याला झेपत नाही. श्वास मंदावतो आणि थांबतो. तुझ्या हिशोबात तो ‘सुटलेला’ असतो, आणि तेव्हाच मरतो.

हे मी मनानं सांगत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयात भरती होऊन नशा उतरवलेल्या १३७ जणांचा डॉक्टरांनी वर्षभर माग ठेवला. ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००३ साली छापलं गेलं. वर्षात पाच गेले. त्यांतले तिघे जास्त मात्रेनं गेले, तेही चार महिन्यांच्या आत. आणि ते तिघेही कोण होते? ज्यांनी अर्ध्यात उपचार सोडले ते नव्हेत. ज्या ३७ जणांनी पूर्ण उपचार घेतले, ज्यांचं शरीर पूर्ण कोरं झालं, त्यांतले होते. डॉक्टर, नर्स, औषध, पलंग सगळं असताना हे झालं, कारण पुढची व्यवस्था तोकडी पडली. तुझ्याकडे तर मुळात कडीशिवाय काहीच नव्हतं.

म्हणून आजपासून घरात प्रत्येकाला हे माहीत पाहिजे, मायलासुद्धा. तो गाढ झोपलाय आणि हलवून उठत नाही, श्वास फार सावकाश चाललाय, घशातून घरघर येतेय, ओठ-नखं निळसर पडलीत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर झोपू दे म्हणून पांघरूण घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा. कुशीवर झोपवायचं. ताक, लिंबू, मिठाचं पाणी काहीही तोंडात ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. श्वास थांबलाच तर तोंडानं श्वास द्यायचा. यावर नॅलॉक्झोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन आहे. काय घेतलं हे रुग्णवाहिकेतल्या माणसाला खरं सांगितलं तरच ते वेळेवर दिलं जाईल. तिथं अब्रू सांभाळत बसलास तर भाऊ जाईल.

डॉक्टरच्या देखरेखीखाली नशा उतरवणं म्हणजे काय, तेही ऐकून घे, कारण तुझी समजूत अशी की डॉक्टर सलाईन लावतात आणि पैसे उकळतात. आधी ते मोजतात. नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, थरथर, जांभया, अंगावरचा काटा, पोट, अस्वस्थपणा, अशा अकरा गोष्टींना गुण देऊन टर्की किती तीव्र आहे ते ठरवतात. मग औषध. सगळ्यांत जास्त भरवशाचं ब्यूप्रेनॉर्फिन. ही जिभेखाली ठेवायची गोळी, गिळायची नाही. तीही अफूच्याच कुळातली, पण तिचा असर एका मर्यादेपुढे चढत नाही, म्हणून एकटीनं श्वास बंद पाडण्याचा धोका तिच्यात खूप कमी; मेंदूतल्या त्याच जागा ती घट्ट धरून बसते आणि टर्की शमवते. मात्र ती सुरू करायची वेळ डॉक्टरनंच ठरवायची असते. गर्द अंगात असताना घाईनं दिली तर तीच टर्की उसळवते. म्हणून थांबायचं, गुण बघायचे, मग द्यायची. हे आखाड्यावर कसं करणार होतास तू?

दुसरा मार्ग क्लोनिडीनचा. हे मुळात रक्तदाबाचं औषध. धडधड, घाम, थरथर कमी करतं, पण रक्तदाब खाली आणतं, म्हणून मोजल्याशिवाय देत नाहीत. जोडीला उलटीचं, जुलाबाचं, अंगदुखीचं औषध. मेथाडोन नावाचं तिसरं एक आहे. आपल्या देशात ते थोड्याच केंद्रांत मिळतं, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही. सगळ्यांना भरती व्हावंच लागतं असंही नाही. ज्याची तब्येत बरी, घरी आधार, आणि नशा एकाच प्रकारची, त्याचं बाह्यरुग्ण विभागातूनही होतं. कोणाला भरती करायचं हे डॉक्टर ठरवतील.

एक गोष्ट मात्र त्यांना ठासून सांगायची: तो सरहद्दीपलीकडे मदनूर-बिचकुंद्याकडे शिंदी पितो का. तिकडच्या शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळतात, हे तेलंगणातल्या पोलिसांनी आणि डॉक्टरांनी वारंवार दाखवून दिलंय. २०१५ साली तिथल्या सरकारनं भेसळीच्या शिंदीवर एकदम कारवाई केली, आणि निजामाबाद, महबूबनगरच्या दवाखान्यांत शेकडो लोक झटके, भ्रम, थरथर घेऊन आले. काही दगावल्याच्या बातम्याही आल्या. कारण या गोळ्यांची आणि दारूची सवय एकदम तोडली तर फिट येऊन जीव जाऊ शकतो. तिथं ‘सहसा’ वगैरे काही नाही. संभाजीनगरकडे बटन म्हणतात त्या गोळ्यांचंही हेच. ट्रामाडॉलच्या मोठ्या मात्रेनंही फिट येते. तुझा धाकटा नुसती गर्द घेत होता की हे सगळं मिसळून, हे तुला माहीत होतं का? नव्हतं. आणि तरी कडी लावलीस.

कुणी सांगेल की शहरात भूल देऊन एका रात्रीत नशा काढून टाकतात, पैसे भरा, सकाळी मोकळे. त्या दारात पाऊल टाकायचं नाही. न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात २०१२ साली ७५ जणांवर हे केलं, त्यांतले दोघे मेले, आणि अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं ते जाहीर करून सावध केलं. आणि बस स्टँडजवळच्या भिंतीवर ‘न सांगता नशा सोडवा’ असं रंगवलेलं असतं, ती पूड भाजीत कालवायची नाही. न सांगता कुणाच्या पोटात औषध घालणं हा उपचार नव्हे, आणि त्यात काय असतं हे विकणाराही सांगत नाही.

आता तुझा तो प्रश्न, जो तू मायला विचारलास आणि तिला गप्प केलंस. ‘गोळी सोडवायला परत गोळीच? मग सुटलं काय?’

गणित घालतो, सोडव. स्टॉकहोममध्ये गर्दच्या व्यसनातले चाळीस लोक घेतले. वीस-वीसच्या दोन तुकड्या. समुपदेशन दोन्हीकडे सारखं. पहिल्या तुकडीला वर्षभर रोज ब्यूप्रेनॉर्फिन. दुसरीला सहा दिवसांत कमी करत बंद, पुढे औषध नसलेली नुसती गोळी. तुझे पाच दिवस आणि त्यांचे सहा दिवस. त्यांच्याकडे औषध होतं, तुझ्याकडे दोर होता. वर्षाच्या शेवटी पहिल्या तुकडीतले पंधरा जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या तुकडीतला एकही नव्हता. पहिल्या तुकडीत मृत्यू शून्य. दुसऱ्या तुकडीत चार. वीसातले चार म्हणजे शेकडा किती? मोठ्यानं सांग. हे ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली छापलंय. फ्रान्समध्ये १९९५ नंतर साध्या गावातल्या डॉक्टरांनाही ही गोळी लिहून द्यायची मुभा मिळाली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जास्त मात्रेनं होणारे मृत्यू तीन-चतुर्थांशांहून जास्त घटले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ पासून ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलीय.

तेव्हा सुटलं काय ते विचारू नकोस. सुई सुटते, चोरी सुटते, दर सहा तासांनी टर्कीच्या भीतीनं पळणं सुटतं, रात्री झोप लागते, माणूस कामावर जातो, आणि जिवंत राहतो. पुढे कधी डॉक्टर म्हणाले तर हळूहळू कमी करतील. वर्ष लागो, दोन लागोत, जास्त लागोत. गोळी बंद केल्याची तारीख तुला मिरवायला हवीय. त्याला जगायला हवंय. आणि घरात, नात्यात कुणी गरोदर बाई या नशेत सापडली असेल, तर तिची नशा तोडायचा विचारही करू नका. एकदम तुटली तर पोटातल्या लेकराला धोका, म्हणून तिला डॉक्टर चालू औषधावरच ठेवतात.

ज्याला ब्यूप्रेनॉर्फिन नकोच असेल, त्याच्यासाठी नालट्रेक्झोन आहे. नशा पूर्ण उतरल्यावर, आठ-दहा दिवस मध्ये जाऊ देऊन, सुरू करतात. वरून कुणी गर्द घेतली तरी ती चढत नाही. पण रोज न चुकता घ्यावी लागते आणि घेताना कुणीतरी समोर बसावं लागतं. तुझं काम ते. कडी लावणं तुझं काम नव्हतं. रोज सकाळी चहाबरोबर समोर बसणं आहे. ते वर्षभर जमेल का तुला? पाच दिवसांच्या मर्दुमकीपेक्षा ते फार अवघड आहे.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या मराठी मुलखातलं ऐक. पु. लं.चा धडा पाठ होता ना तुझा? त्याच पु. ल. देशपांड्यांनी आणि सुनीताबाईंनी, अनिल अवचटांचं गर्दवरचं लिखाण वाचून, पदरचे पैसे दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. कुठं? येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी, त्या स्वतः तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी पोरांना बांधलं नाही. येणाऱ्याला तिथं मित्र म्हणतात, महिन्याहून जास्त ठेवून घेतात, बायकोला, आईबापाला वेगळं बसवून शिकवतात, आणि घरी गेल्यावरही पाठ सोडत नाहीत. अनिताताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली गेले, त्या दोघांची मुलगी मुक्ता ते काम पाहते. चाळीस वर्षं हे मराठीत, आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी करून दाखवलंय. माहिती नव्हती म्हणून सुटका नाही; तू शोधलंच नाहीस.

आणि तू, मागच्या बाकावरून मान डोलवणाऱ्या, तुझं मेडिकल आहे म्हणून तुलाही मुद्दाम बोलावलंय. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. ते एच-वन यादीतलं औषध आहे. चिठ्ठी, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. तुझ्या वहीत याच्या धाकट्याचं नाव आहे? ‘मी नाही दिली तर दुसरा देईल’ हे वाक्य माझ्यापुढे उच्चारू नकोस. दुसऱ्याला मी शिकवलेलं नाही, तुला शिकवलंय. दुकानात जो दर दोन दिवसांनी कंबरदुखीच्या गोळ्या मागतो त्याला कुठं जायचं हे सांगणारा पहिला माणूस तू असायला हवास.

कायद्याचं थोडं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. नशेमुळे होणारे मनाचे आजार त्यात धरलेत, आणि कुणालाही साखळदंडानं बांधायला त्यात सक्त मनाई आहे. दवाखान्यात नाही, केंद्रात नाही. जिथं रुग्ण ठेवतात अशा केंद्राला नोंदणी लागते. कुठल्या केंद्रात नेणार असशील तर दारातच विचारायचं: नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा. मानसोपचार डॉक्टर कोण आणि कुठल्या दिवशी येतो? रात्री नर्स असते का? आम्हाला भेटू देता का, फोन करू देता का? यातल्या एकालाही टाळाटाळ झाली की परत फिरायचं. आणि पोलिसांची भीती घालत असेल कुणी, तर अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ कलम आहे: स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मोठा साठा बाळगून विकणाऱ्यासाठी ते नाही. तुझा भाऊ विकत नव्हता. मग लपवतोस कशाला?

आता काय करायचं ते. आज उपजिल्हा रुग्णालयात जा आणि चिठ्ठी घे. उद्या पहाटेच्या गाडीनं नांदेड. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभागात नाव नोंदव. ब्यूप्रेनॉर्फिन मेडिकलवर मागत फिरू नकोस. ते मान्यता असलेल्या केंद्रांतून आणि रुग्णालयांतूनच देतात, कुठून मिळेल ते तिथले डॉक्टर सांगतील. लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, बिदरचं, हेही लांब नाहीत; ओळखीचं कुणी भेटेल म्हणून नांदेडला जायचा संकोच असेल तर तिकडे जा, पण जा. आज रात्रीच काही बिघडलं किंवा काही विचारायचं असलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. नशेसाठी वेगळा १४४४६ आहे. लिहून घे. मनात ठेवतो म्हणू नकोस, तुझी पाठांतराची बोंब मला माहीत आहे.

सोबत मायला ने. गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडतील ती पिशवीत घाल. काय घेतो, किती, कधीपासून, तोंडानं की सुईनं, सोबत शिंदी-दारू किती, फिट कधी आली होती का, आणि शेवटचं कधी घेतलं, हे सगळं डॉक्टरला त्यानंच सांगायचं. तू खोलीबाहेर बसायचं. तू समोर असलास की तो खोटं बोलेल, आणि त्याला तसं करायला तूच शिकवलंयस. सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ-सीची तपासणी मागून घ्यायची. पाच दिवस तू काय केलंस हेही लपवायचं नाही, कारण त्याच्या शरीरातली सवय किती उतरलीय हे त्यावरून ठरणार आहे आणि औषधाची पहिली मात्राही.

पहिल्याच भेटीत पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. त्या दिवशी सोयाबीनची काढणी असली, मळणीयंत्र दारात उभं असलं, पाहुणे सोयरीक घेऊन आले असले, तरी तुम्ही दोघांनी नांदेडच्या गाडीत बसायचं. तिथून आलास की मला येऊन तारीख दाखव.